होमी दाजी: आमदार, मग खासदार, मग परत आमदार, असं का? इंदूरच्या जुन्या लोकांनी सांगा

परदेशीपुरा_नातू

नमस्कार मंडळी, जरा लांब लिहितोय, सांभाळून घ्या.

माझे आजोबा गेल्या पौषात गेले, ८९ वर्षांचे होते. इथल्या हुकुमचंद कापड मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर काम करायचे. पणजोबा खानदेशातून इथे आले आणि मग आमचं घर परदेशीपुऱ्यातच राहिलं. १२ डिसेंबर १९९१ ला मिल बंद पडली आणि थकलेला पैसा हातात पडायला डिसेंबर २०२३ उजाडला, म्हणजे ३२ वर्षं. आजोबांनी तो पैसा पाहिला एवढंच समाधान, त्यांच्या खात्यातले कितीतरी जण त्याआधीच गेले.

तर आजोबांच्या तोंडी सतत "दाजी" असायचे. लहानपणी मला वाटायचं की दाजी म्हणजे आजोबांच्या कुणा बहिणीचे मिस्टर, कारण आपल्याकडे दाजी म्हणजे तेच ना. दहावीत गेल्यावर कळलं की हे होमी दाजी, पारशी, आणि नात्याचे नव्हेत तर कामगारांचे नेते. आजोबांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "दाजींना आम्ही दोनदा भोपाळला पाठवलं आणि एकदा दिल्लीला." यातला "आम्ही" ते छातीवर हात ठेवून म्हणायचे.

आता आमच्या मंडळाने या गणपतीत मला १५ मिनिटं बोलायला सांगितलंय, मराठीत, विषय माझा मी निवडायचा. मी दाजी घेतले. १९५७ आमदार, १९६२ खासदार, १९७२ परत आमदार, एवढं माझ्याकडे आहे. पण मला जे खरंच समजून घ्यायचंय ते असं की चांगली आमदारकी चालू असताना माणूस लोकसभेला का उभा राहतो, आमदारकी मध्येच सोडावी लागली का, आणि एकदा दिल्ली बघून झाल्यावर परत विधानसभेला येणं म्हणजे खाली उतरणं झालं का? आजोबांना विचारायचं राहून गेलं. कुणाच्या घरात काही बोललं गेलं असेल तर प्लीज लिहा.

---

रामबागकर

विषय छान निवडलास. आधी सनावळी पक्की करून घे. दाजींचा जन्म ५ सप्टेंबर १९२६, मुंबईचा, नंतर कुटुंब इंदूरला आलं. म्हणजे १९५७ ला आमदार झाले तेव्हा ३० वर्षांचे आणि १९६२ ला खासदार झाले तेव्हा ३५ चे. वकिली शिकलेला माणूस, कम्युनिस्ट पक्षाचा, पण १९६२ ची नोंद अपक्ष अशी आहे, हे भाषणात नक्की सांग, कारण लोक सरसकट "कम्युनिस्ट खासदार" म्हणतात. ते कम्युनिस्ट होते हे सगळ्या शहराला माहिती होतं, पण जिंकले अपक्ष म्हणून. गेले १४ मे २००९ ला.

आणि १९५७ ची आमदारकी म्हणजे नव्या राज्यातली विधानसभेची पहिली निवडणूक. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण मध्य भारतात होतो, राजधानी कधी ग्वाल्हेर कधी इंदूर, मग सगळं भोपाळला गेलं. तेव्हा आजोबांच्या "भोपाळला पाठवलं" याला वजन आहे, तोपर्यंत इंदूरच्या माणसाला कामासाठी भोपाळ गाठायची सवयच नव्हती.

---

नागरिकशास्त्राचे_सर

आमदारकी मध्येच सोडावी लागली का, याचं उत्तर देतो, कारण इथे आजच्या नियमांनी बघितलं की गडबड होते.

१९५२, ५७, ६२ आणि ६७ या चारही वेळा लोकसभा आणि विधानसभा यांच्या निवडणुका बरोबरच झाल्या. म्हणजे १९६२ च्या फेब्रुवारीत दाजींची आमदारकीची मुदत तशीही संपतच होती. त्यांनी काही मध्ये सोडलं नाही, पोटनिवडणूक नाही, काही नाही. पाच वर्षं पूर्ण केली आणि पुढची परीक्षा देताना मोठ्या वर्गाचा फॉर्म भरला इतकंच. ताटातूट झाली ती १९७१ ला, लोकसभा वर्षभर आधी घेतली गेली आणि विधानसभा १९७२ ला आली, म्हणून दाजींची तिसरी टर्म फक्त विधानसभेच्या निवडणुकीतली आहे.

आज काय आहे ते पण सांगतो, पोरं विचारतील. आमदाराला लोकसभेचा फॉर्म भरायला राजीनामा द्यावा लागत नाही. हरला तर आमदार राहतोच. जिंकला तर १४ दिवसांत आमदारकी सोडायची, आणि नाही सोडली तर जाते ती लोकसभेची जागा, विधानसभेची नाही, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. मग रिकाम्या झालेल्या जागेवर साधारण सहा महिन्यांत पोटनिवडणूक. ताजं उदाहरण शिवराजसिंहांचं, २०२३ ला बुधनीतून आमदार, २०२४ ला विदिशातून खासदार, आणि नोव्हेंबर २०२४ ला बुधनीत परत मतदान. त्यांच्या बाबतीत हे दुसऱ्यांदा घडलं, १९९० ला बुधनीतून आमदार झाले आणि १९९१ ला अटलजींनी विदिशाची जागा सोडून लखनौ ठेवलं तेव्हा तिथल्या पोटनिवडणुकीत उभे राहून दिल्लीला गेले.

अजून एक. १९५७ पर्यंत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, चिन्ह चिकटवलेली, मतपत्रिका फक्त त्या पेटीत टाकायची. एका कागदावर सगळी नावं आणि त्यावर शिक्का हा प्रकार सार्वत्रिक निवडणुकीत १९६२ ला आला. म्हणजे तुझ्या आजोबांनी दाजींना पहिल्यांदा मत दिलं ते पेटी बघून आणि दुसऱ्यांदा शिक्का मारून. भाषणात हे सांग, लोक ऐकतील.

---

मालवा_मिलची_लेक

सर, तुम्ही शिक्क्याचं लिहिलंत आणि मला आईच आठवली. मी तेव्हा दहा वर्षांची होते, आम्ही मालवा मिलजवळच्या चाळीत राहायचो. वडील स्पिनिंग खात्यात. आईला अक्षर येत नव्हतं. मतदानाच्या आधी आठवडाभर चाळीतल्या बायका दुपारी ओट्यावर बसून शिक्का मारायचा सराव करायच्या, बटाटा अर्धा कापून, त्याला शाई लावून, जुन्या वहीच्या पानावर. दोन कागद मिळणार, एक भोपाळचा एक दिल्लीचा, आणि शिक्का दोन नावांच्या मध्ये पडला की मत वाया, एवढं एकच भय होतं त्यांना. आई घरी आली तेव्हा म्हणाली, "दोन्ही नीट पडले." मग हात धुतले आणि स्वैपाकाला लागली. तो चेहरा माझ्या डोळ्यासमोर आहे अजून.

सभा मिलच्या नाक्यावर व्हायच्या, पाळी सुटायच्या वेळी. भोंगा झाला की गर्दी आपोआप जमायची. आम्ही मुलं सायकलींच्या मधून घुसायचो. दाजी हिंदीत बोलायचे, पण गर्दीत मराठी, माळवी, पूरबी सगळे असायचे आणि प्रत्येकाला वाटायचं हा माझंच बोलतोय. बेटा, तू विचारलंस का उभे राहिले, मला राजकारणातलं फार नाही कळत, पण आमच्या चाळीत कुणी म्हणालं नाही की हे आता मोठे झाले आणि आपल्याला सोडून चालले. उलट असं होतं की आपला माणूस नेहरूंच्या समोर उभा राहून बोलणार.

---

परदेशीपुरा_नातू

काकू, बटाट्याचं वाचून घरात मोठ्यांदा वाचून दाखवलं सगळ्यांना. तुमची परवानगी असेल तर भाषणात घेऊ का? नाव नाही घेणार.

सर, खूप धन्यवाद, मी तर "आमदारकीचा राजीनामा दिला" असंच लिहून ठेवलं होतं, खोडलं.

---

मालवा_मिलची_लेक

घे रे, खुशाल घे.

---

लेबर_कोर्टातला

"का" याचं उत्तर कायद्यात थोडंफार सापडतं. मी कामगार खटल्यांतच आयुष्य घालवलंय, म्हणून लिहितो.

१९६० ला मध्य प्रदेश औद्योगिक संबंध अधिनियम आला, दाजी तेव्हा विधानसभेत होते. या कायद्यात "प्रतिनिधी संघटना" म्हणून एक गोष्ट होती. एका गावात एका उद्योगात एकच संघटना मान्यताप्राप्त, मालकाशी बोलणी करायची तर तिनेच, करार तिचाच, कोर्टात कामगारांच्या वतीने उभं राहायचा पहिला हक्क तिचाच. इंदूरच्या कापड मिलमध्ये इंटकची संघटना बलवान होती, काँग्रेसची. आता लाल झेंड्याच्या माणसाची अवस्था बघा, गेटवर हजारो माणसं त्याचं ऐकतात पण बोलणीच्या टेबलावर त्याला खुर्ची नाही. अशा माणसाला सभागृह म्हणजे मानाची जागा नसते, त्याला तिथेच बोलायला मिळतं. मंत्र्याला उत्तर द्यावंच लागतं तिथे.

मग भोपाळ सोडून दिल्ली का, तर कामगारांचा विषय राज्य आणि केंद्र दोघांकडे आहे. लेबर कोर्ट, कामगार अधिकारी, वस्त्यांची घरं, पाणी हे भोपाळ. पण कापड धंद्याचं धोरण दिल्लीचं, १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा दिल्लीचा, आणि १९५७ मध्ये कापड उद्योगासाठी जे पहिलं वेतन मंडळ नेमलं गेलं तेही केंद्रानेच. साच्यावरच्या माणसाच्या पगाराचा आकडा दिल्लीत ठरायला लागला होता. माझं मत विचाराल तर दाजींनी वर जायचा विचार केला असं न म्हणता जिथे पगार ठरतोय तिथे जायचा विचार केला असं म्हणावं. हे माझं वाचन आहे, त्यांच्या तोंडचं वाक्य म्हणून सांगू नकोस.

आणि परत येण्याचं म्हणशील तर १९६७ ला इंदूरची लोकसभा प्रकाशचंद्र सेठींकडे गेली, काँग्रेसकडे. १९७२ ला दाजी विधानसभेत आले तेव्हा मिलची परिस्थिती बिघडायला लागलेली होती. १९७४ मध्ये देशातल्या १०३ आजारी मिल सरकारजमा झाल्या, त्यात आपल्या मालवा, कल्याणमल, स्वदेशी आल्या. अशा काळात माणूस भोपाळला असणं म्हणजे खाली उतरणं नव्हे, घर जळायला लागल्यावर घरात असणं आहे.

---

बूथ_नंबर_वाला

सगळ्यांचं वाचून बरं वाटलं पण मी थोडा वेगळा बोलतो, कारण वीस वर्षं कार्यकर्ता म्हणून काम केलंय, पक्ष सांगत नाही. आमदाराला खासदार का व्हायचं असतं हे जवळून बघितलंय आणि त्यात काही वाईट नाही, महत्त्वाकांक्षा नसेल तर माणूस या धंद्यात पडेल कशाला.

आमदाराचा दिवस सकाळी सातला अंगणात सुरू होतो. नाली, ट्रान्सफॉर्मर, पोराची अ‍ॅडमिशन, दवाखान्याचं बिल, बदली, पोलिस ठाण्यात फोन, संध्याकाळी तीन लग्नं आणि एक तेरावं. हे दहा वर्षं केलं की माणूस थकतो आणि त्याला वाटतं की आपण मोठ्या प्रश्नांवर काम करावं. पण खरी मेख पुढे आहे. इंदूर लोकसभेत विधानसभेच्या ८ जागा येतात, शहराच्या १ ते ५, राऊ, सांवेर आणि देपालपूर. महू जिल्ह्यात असून धारला जोडलेली. आमदाराची स्वतःची माणसं असतात एका जागेत, बाकी सात ठिकाणी तो पाहुणा. तिथल्या त्याच्याच पक्षाच्या आमदारांनी मनापासून काम केलं तर ठीक, आणि ते का करतील, उद्या हा खासदार झाला तर डोक्यावर बसणार. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, मिरवणुकीत हार घालणारे लोक बूथवर पोलिंग एजंटसुद्धा बसवत नाहीत. २५ लाखांच्या वर मतदार, खर्चाची मर्यादा ९५ लाख, विधानसभेला ४० लाख, आणि क्षेत्र मात्र आठपट. हा हिशोब घालूनच माणूस उतरतो.

२००९ आठवा. देपालपूरचे आमदार सत्यनारायण पटेल काँग्रेसकडून ताईंसमोर, म्हणजे सुमित्रा महाजनांसमोर उभे राहिले, आमदार असतानाच. ताई तोपर्यंत सहा वेळा जिंकलेल्या. आणि फरक किती राहिला, ११,४८०. पूर्ण लोकसभेत! आम्ही मोजणीच्या दिवशी श्वास धरून बसलो होतो. पाच वर्षांनी तेच दोघं परत समोरासमोर आले तर फरक ४,६६,९०१ चा झाला. म्हणजे आमदाराचं वर जाणं त्याच्या कामावर जितकं तितकंच वाऱ्यावर असतं, हे मला वाटतं.

---

रामबागकर

२००९ ची मोजणी १६ मे ला होती. दाजी त्याच्या दोनच दिवस आधी गेले. त्या आठवड्यात शहरात सगळीकडे निवडणुकीचीच चर्चा, आणि एकदा ती जागा जिंकलेला माणूस निघून गेला.

---

नारायणबाग_शाळा

ताईंचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. सुमित्रा महाजन आमदार कधीच नव्हत्या, खूप लोकांचा असा समज आहे की पायरी पायरीने गेल्या असतील. माहेर चिपळूणचं, लग्न होऊन इंदूरला आल्या, प्रवचनं करायच्या, मग नगरसेवक, १९८४-८५ ला उपमहापौर. १९८५ ला विधानसभेला उभ्या राहिल्या आणि महेश जोशींकडून हरल्या. चार वर्षांनी १९८९ ला थेट लोकसभेला, समोर प्रकाशचंद्र सेठी, म्हणजे माजी मुख्यमंत्री आणि देशाचे माजी गृहमंत्री, आणि लाखाच्या वर मतांनी जिंकल्या. मग सलग आठ वेळा, आणि २०१४ ला लोकसभेच्या अध्यक्ष. माझी आई सांगायची की १९८९ ला आमच्या वाड्यातल्या बायका हळदीकुंकवाला निघाव्यात तशा प्रचाराला निघायच्या, दारं आतून उघडायची कारण ओळखीचीच घरं.

तर पायरी ही गोष्टच पक्की नाहीये. दाजी विधानसभेतून लोकसभेत गेले आणि परत आले, ताई विधानसभेला हरून लोकसभेत गेल्या, कैलाश विजयवर्गीय १९९० पासून विधानसभेच्याच निवडणुका लढले (२०१८ ला तेवढे उभे नव्हते), मध्ये २००० ला महापौर पण झाले, पण लोकसभा लढलेच नाहीत. आणि २०२३ ला तर केंद्रातले मंत्री नरेंद्रसिंह तोमर, प्रल्हाद पटेल, यांना पक्षाने विधानसभेला उतरवलं. तोमर ग्वाल्हेरचे, आधी आमदार, मग खासदार, केंद्रात मंत्री, आणि आता परत विधानसभेत येऊन तिथले अध्यक्ष. त्यामुळे तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं, खाली उतरणं का, तर मी नाही म्हणेन.

---

बूथ_नंबर_वाला

ताई, तुमच्या म्हणण्याला मान आहे पण २०२३ चे ते लोक पक्षाने सांगितलं म्हणून आले. दाजी १९७२ ला कुणी सांगून आले असं नाही वाटत. दोन्ही एका ओळीत बसवू नका.

---

नारायणबाग_शाळा

हो, हे बरोबर. मागे घेते तेवढं.

---

परदेशीपुरा_नातू

तुम्ही सगळ्यांनी इतकं दिलंय की १५ मिनिटं कमी पडतील. लेबर कोर्टवाल्या काकांचं प्रतिनिधी संघटनेचं वाचून एक गोष्ट लागली. आजोबा एकदा म्हणाले होते, "आमची वर्गणी दोन ठिकाणी जायची, एक पावतीवाली आणि एक बिनपावतीची." मला तेव्हा वाटलं काहीतरी भानगड असेल आणि मी विषय बदलला. आता वाटतंय की पावतीवाली म्हणजे मान्यताप्राप्त संघटनेची, आणि बिनपावतीची म्हणजे ज्यांच्यावर खरा जीव होता त्यांची. असं असू शकतं का काका?

अजून एक, अनंत चतुर्दशीच्या मिलच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे बघायला आजोबा मला खांद्यावर घेऊन जायचे. मिल बंद, पगार नाही, तरी हुकुमचंदची झांकी निघायची आणि ते शेवटची गाडी जाईपर्यंत हलायचे नाहीत, पहाटेचे चार वाजले तरी. भाषण त्याच दिवसांत आहे म्हणून मला हे नीट बोलायचंय, कुणाचंही चुकीचं सांगायचं नाहीये.

---

लेबर_कोर्टातला

असू शकतं, नक्कीच. दोन वर्गण्या देणारे कामगार मी स्वतः पाहिलेत. मान्यताप्राप्त संघटनेचं सभासद नसलं तर हक्काच्या कामात अडायचं, आणि ज्याच्या सभेला जायचं त्याच्या डब्यात पण चार आणे पडायचे. यात लपवाछपवी नव्हती, परिस्थिती होती. आजोबांनी सांगितलं ते जसंच्या तसं सांग, त्यांच्याच शब्दांत.

---

मालवा_मिलची_लेक

बेटा, आमच्या गल्लीत एक आजोबा आहेत, नव्वदीचे, वीव्हिंगमध्ये होते, ऐकू कमी येतं पण आठवण एकदम पक्की. मी त्यांच्या सुनेला विचारून ठेवलंय. रविवारी सकाळी ये, दहाच्या आत, नंतर ते झोपतात. पोहे मी करून ठेवते. आणि तुझ्या आजोबांचा मिलमधला फोटो असेल तर घेऊन ये, कदाचित ओळखतील.

---

परदेशीपुरा_नातू

येतो काकू. फोटो आहे, १९६५-६६ च्या आसपासचा, खात्यातल्या बारा जणांचा. मागे नावं लिहिलेली आहेत पेन्सिलने, सात वाचता येतात.